नवी टाकी तयार झाली. पहिले मासे कोणते आणि किती?

टाकीची सायकल पूर्ण होईपर्यंत बहुतेक जण धीर धरतात. सायकल म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवून त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढणं. चार-सहा आठवडे नुसतं पाणी बघत बसतात, टेस्ट करत राहतात. आणि मग एका रविवारी दुकानात जाऊन दोन गोल्डफिश, चार निऑन, एक एंजल आणि 'टाकी साफ ठेवेल' म्हणून एक सकर अशी खरेदी करून येतात. महिन्याभराची मेहनत तिथेच वाया जाते. टाकी पहिल्या महिन्यात टिकेल की नाही, हे या एका खरेदीवर फार अवलंबून असतं, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो आहे.

माझं सांगणं थोडक्यात असं: पहिल्या खेपेला एकच जात घ्या, तिचा पूर्ण थवा घ्या, आणि ती जात कोणती हे तुमच्या घरच्या पाण्यावरून ठरवा. उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास मिळणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी धरू. हिशेबाने तिच्यात ५६ लिटर मावतात, पण खडे, झाडं आणि वरची मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी ४२ ते ४५ लिटरच असतं. माशांचा विचार करताना हाच आकडा धरायचा.

दुकानात जाण्याआधीची शेवटची टेस्ट

'आठ दिवस फिल्टर चालवा, मग मासे सोडा' हा सल्ला अजूनही मिळतो. पाण्यात अमोनिया येण्याची काही सोयच नसेल, तर फिल्टर महिनाभर चालवला तरी त्यात जिवाणू वाढणार नाहीत. म्हणून सायकल झाली की नाही हे दिवस मोजून कळत नाही, टेस्ट करून कळतं. टाकीत अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) होईल इतका घाला आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर फिल्टर तयार आहे. यासाठी थेंबांची लिक्विड किट घ्या. बऱ्याच स्वस्त टेस्ट-पट्ट्यांमध्ये अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो.

टेस्ट पास झाली की नायट्रेट बघा. सायकलच्या काळात ते साठलेलं असतं. ४० पीपीएमच्या वर असेल तर अर्ध्याहून अधिक पाणी बदलून ते २० च्या आसपास आणा. हे काम मासे आणण्याच्या आदल्या दिवशी करा. त्याआधी आठवडाभर टाकी उपाशी ठेवू नका. जिवाणूंनाही रोजचं खाणं लागतं, मासे येईपर्यंत थोडा थोडा अमोनिया देत राहा.

मऊ पाण्याच्या गावांसाठी एक जास्तीची सूचना. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा पाण्यातला क्षार खर्च होतो. मुळात क्षार कमी असेल तर पीएच हळूहळू घसरतो, साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं, आणि तयार झालेली सायकल अडखळते. पीएच असा उतरताना दिसला तर धुतलेल्या शिंपल्यांचा थोडा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरपाशी ठेवा. तो सावकाश विरघळतो आणि पीएच सावरतो.

तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं?

माशांची यादी बघण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हवं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. पावसाचं साठलेलं हे पाणी मऊ असतं. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणीही मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात काळ्या खडकातल्या बोअरवेलचं पाणी मात्र सहसा जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, गिझरची कॉइल वारंवार खराब होत असेल, तर तुमच्याकडे जड पाणी आहे. अनेक सोसायट्यांत हिवाळ्यापर्यंत पालिकेचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर किंवा बोअर असा प्रकार असतो. तिथे वर्षभराचा विचार करा आणि दोन्ही सोसणारी जात निवडा.

जड पाण्याचा पीएच सहसा जास्त असतो, आणि त्याचा अमोनियाशी थेट संबंध आहे. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी खरा विषारी भाग २५ अंशांना पीएच ७ असताना जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. बोअरच्या जड पाण्यात 'अमोनिया थोडासाच दिसतोय, चालेल' असं म्हणण्याची सोय नाही.

आरओचं पाणी एकटं वापरू नका. त्यात क्षारच उरत नाहीत, माशांनाही ते मानवत नाही आणि पीएचही स्थिर राहत नाही. पालिकेचं पाणी असेल तर अँटीक्लोरीन घालूनच वापरा. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन अनेकदा वाढवलं जातं, तेव्हा विशेष काळजी घ्या.

दुसरी गोष्ट तापमान. नाशिक-पुण्याच्या थंडीत रात्री टाकीचं पाणी २० अंशांच्या खाली जाऊ शकतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तेच ३३-३४ पर्यंत चढतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. हीटर घेणार की नाही, उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावता येईल का, हे आधी ठरवा. जात त्यानंतर ठरेल.

मग मासे कोणते?

माझी पहिली पसंती चेरी बार्ब. श्रीलंकेच्या नैऋत्येकडच्या सावलीतल्या ओढ्यांमधला हा मासा पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तिथेच थांबतो. नर पिकल्या मिरचीसारखे लाल होतात, माद्या तपकिरी आणि गोलसर राहतात. दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली ते फिके, घाबरलेले दिसतात, म्हणून गिऱ्हाईक पुढे निघून जातं. झाडं असलेल्या घरच्या टाकीत पंधरा दिवसांनी त्यांचा खरा रंग येतो. स्वभावाने शांत, टाकीच्या मधल्या आणि खालच्या भागात सावकाश फिरणारे, एकमेकांच्या शेपट्या न तोडणारे. मऊ ते मध्यम पाणी आणि २३ ते २७ अंश त्यांना मानवतं. आपल्या टाकीत सहा ते आठ घ्यावेत, आणि नरांपेक्षा माद्या जास्त घ्याव्यात. नर जास्त झाले तर माद्यांना दिवसभर पळावं लागतं. मुंबई, ठाणे, पुणे, कोकण इथे घरात मध्यम तापमान आणि एक छोटा हीटर असेल तर मी याच माशापासून सुरुवात करायला सांगेन.

हीटर घ्यायचाच नसेल किंवा थंडी-उन्हाळ्याचा फरक मोठा असेल, तर झेब्रा डॅनिओ घ्या. हा मासा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची नोंद केली, त्यात हा आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये तो वाढवला जातो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. प्रयोगशाळांनी त्याला पसंती दिली त्यामागे त्याचा काटकपणा हेही एक कारण आहे. १८ ते २८ अंशांत तो मजेत राहतो आणि जड-मऊ दोन्ही पाणी सोसतो. त्याला पोहायला लांबी मात्र लागते. दोन फुटांपेक्षा आखूड टाकीत तो ठेवू नये, आणि सहापेक्षा कमी ठेवू नयेत. दोन-तीनच असले की ते आपापसांत भांडत राहतात. टाकीला झाकण हवंच, कारण ते उडी मारतात.

बोअरचं जड पाणी असेल तर गप्पी किंवा प्लॅटी. डासांच्या अळ्या खायला पालिकेचा मलेरिया विभाग विहिरींमध्ये आणि कारंज्यांमध्ये सोडतो, तेच हे गप्पी. फक्त दुकानातली रंगीत, लांब शेपटीची जात त्या गावठी गप्पीइतकी दणकट नसते. पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यात पैदास झाल्याने ती नाजूक झाली आहे, आणि बरेच ब्रीडर तिला थोडं मीठ घातलेल्या पाण्यात वाढवतात. मऊ पाण्यात आणली की आठवड्यात शेपट्या मिटतात आणि एकेक जायला लागतो. म्हणून 'गप्पी सगळ्यात सोपा' हे फक्त जड पाण्यापुरतं खरं मानावं.

गप्पी घेतले तर फक्त नर घ्या, सहा पुरेत. नर लहान, रंगीत, आणि पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता. मादी मोठी, फिकी, पोटाच्या मागच्या बाजूला गडद डाग. मादी साधारण महिन्याने पिल्लं घालते, आणि नराचं बीज पोटात महिनोन् महिने साठवू शकते. दुकानातून एकटी मादी आणली तरी घरी पिल्लं होऊ शकतात. नव्या टाकीतल्या नव्या फिल्टरवर असा अचानक भार पडू देऊ नये. प्लॅटीचंही हेच.

टाकी दीड फुटाहून लहान असेल, म्हणजे २०-२५ लिटरची, तर थव्याचा विचार सोडून द्या आणि एकच फायटर ठेवा. तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणूनच काचेच्या बरणीत टिकतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे तो हळूहळू खंगतो. त्याला २५-२७ अंश तापमान, मंद धारेचा स्पंज फिल्टर आणि विसावायला रुंद पानाचं एखादं झाड द्या, मग बघा तो तुम्हाला कसा ओळखायला लागतो ते. दोन नर कधीही एकत्र नाहीत, आणि लांब शेपटीचे गप्पीही त्याच्यासोबत नाहीत.

निऑन टेट्रा सगळ्यांनाच हवे असतात. मऊ पाण्यात ते छान राहतात, पण टाकी दोन-तीन महिने जुनी होऊ द्या. कोरिडोरास या तळाशी राहणाऱ्या माशांबद्दलही हेच म्हणेन. त्यांना गुळगुळीत वाळू आणि सहा जणांची सोबत लागते. हनी गुरामीची जोडी मात्र चेरी बार्बनंतरची दुसरी खेप म्हणून सुरेख शोभते.

दुकानदार आग्रह करेल, पण हे घेऊ नका

गोल्डफिश हा आपल्याकडे भरपूर विकला जाणारा आणि लहान टाकीला सर्वात कमी जुळणारा मासा. साधा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो, गुबगुबीत जातीही वीतभर वाढतात. तो खातो भरपूर आणि घाण करतो भरपूर. नव्या फिल्टरला ते झेपत नाही.

'सकर काच साफ करतो' हे अर्धवट खरं आहे. लहानपणी तो शेवाळ खातो. पुढे फूट-दीड फूट होतो, आणि त्याची स्वतःची विष्ठाच टाकी घाण करते. कंटाळून लोक तो तलावात सोडतात, आणि तो मरत नाही हीच अडचण आहे. देशातल्या अनेक तलावांत आणि नद्यांत तो पसरला आहे, मासेमारांच्या जाळ्यात येतो आणि जाळी फाडतो.

'शार्क' म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू म्हणजे पंगास. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. मीटरभर लांबीचा होणारा मासा आहे. 'पिरान्हा' म्हणून मिळणारं लाल पोटाचं पिल्लू बऱ्याचदा रूपचंद असतं, तोही मासळी बाजारात किलोवर मिळतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न या मोठ्या टाकीच्या गोष्टी. टायगर बार्ब लहान टाकीत शेपट्या कुरतडतात. आणि गुलाबी, निळे, जांभळे असे भडक रंग टोचून भरलेले विडो टेट्रा तर घेऊच नका. सुईने रंग भरताना त्यांना इजा होते, आणि काही महिन्यांत तो रंग उतरतोही. ते विकत घेतले की पुढच्या लॉटची मागणी आपणच नोंदवलेली असते.

दुकानात काय बघायचं

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो, की तुमच्या गावातलं एकुलतं एक दुकान, बघायचं तेच. बराचसा माल चेन्नईतल्या कोलातूरहून किंवा कोलकात्याच्या बाजूने येतो आणि प्रवासाने शिणलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न विचारा, 'हा लॉट कधी आला?' काल आला असेल तर आठवड्याने या. ज्यांना जगायचं नव्हतं ते तोवर गेलेले असतात. दुसरा प्रश्न, 'तुम्ही पाणी कुठलं वापरता?' त्यांचं बोअर आणि तुमचं तलावाचं असेल, तर घरी जुळवून घ्यायला जास्त वेळ द्यावा लागेल.

आवडलेला एक मासा बघू नका, अख्खी टाकी बघा. तळाशी मेलेला एखादा दिसला तर त्या टाकीतलं काही घेऊ नका. पर मिटलेले, पोट आत गेलेलं, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, दगडांवर अंग घासणं, पृष्ठभागाशी तोंड करून धापा टाकणं, यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. दुकानदाराला थोडं खाद्य टाकायला सांगा. भला दुकानदार आनंदाने टाकतो. झेप घेऊन खाणारे मासे निवडा, आणि पूर्ण वाढलेल्यांपेक्षा मध्यम वयाचे घ्या.

सगळे मासे एकाच दुकानातून, एकाच टाकीतून, एकाच दिवशी घ्या. पहिल्या खेपेच्या वेळी घरची टाकी रिकामी असते, त्यामुळे तीच त्यांची क्वारंटाइन टाकी ठरते. दोन दुकानांचे मासे एकत्र केले की दोन ठिकाणचे रोग एकत्र येतात, आणि कोणी काय आणलं तेही कळत नाही.

थवा एकदम सोडला तर फिल्टरला झेपेल का, ही शंका रास्त आहे. २ पीपीएमची टेस्ट पास झालेला फिल्टर सहा-आठ लहान माशांना सहज पुरतो. सायकल दुसऱ्याच्या जुन्या स्पंजावर किंवा चिमूटभर खाद्य टाकून केली असेल आणि तशी टेस्ट घेतली नसेल, तर आधी चार घ्या आणि दोन आठवड्यांनी त्याच दुकानातून त्याच जातीचे उरलेले आणा.

घरी आल्यावर

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा असावी. कागदात गुंडाळा, उन्हाळ्यात थर्माकोलच्या डब्यात ठेवा, दुपारचा प्रवास टाळा. घरी टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, म्हणजे तापमान सारखं होईल. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं छोटी वाटीभर पाणी आत घाला. अर्धा तास पुरे. पाण्यात मोठा फरक असेल तर पाऊण तास. नंतर मासे जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी झाडांना घाला, टाकीत ओतू नका.

कुरियरने मागवलेल्या माशांना मात्र हा नियम लागू नाही. दहा-बारा तास बंद असलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि लगेच मासे टाकीत घ्या.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच. नव्या टाकीतले बरेचसे मासे जास्त खाद्यामुळे दगावतात. घरातल्या मुलांना खाद्य टाकायची हौस असते, त्यांच्यासाठी दिवसाचं खाद्य छोट्या डबीत वेगळं काढून ठेवा.

पुढचे चार आठवडे

पहिला आठवडा रोज, नंतर एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा. ०.२५ पीपीएम दिसलं तरी पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. सगळं शून्य असेल तर आठवड्याला एकदा पाव टाकी पाणी पुरेसं आहे. घालायचं पाणी अँटीक्लोरीन घालून क्लोरीन घालवलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर क्लोरीनने जिवाणू मरतात. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. काही तास हवा मिळाली नाही तर माशांबरोबर स्पंजातले जिवाणूही गुदमरतात.

पांढरे ठिपके आणि बाकीचे सामान्य रोग बहुधा तीन-चार आठवड्यांत डोकं वर काढतात. तोवर दुसरी जात आणू नका, कितीही मोह झाला तरी. या काळात एखादा मासा गेला तर लगेच बदली आणू नका, आधी पाणी तपासा. चार आठवडे सगळे खात असतील, पर उघडे असतील, टेस्ट शून्य येत असतील, तर दुसऱ्या खेपेचा विचार करा. चेरी बार्ब असतील तर हनी गुरामीची जोडी, झेब्रा असतील तर टाकी झाडांनी भरल्यावर तळासाठी सहा कोरिडोरास, गप्पीचे नर असतील तर त्याच पाण्यातले तीन प्लॅटी नर. दोन फुटांच्या टाकीत त्यापुढे जागा उरत नाही. एखादी जात नकोशी झालीच तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. बरीच दुकानं लहान, निरोगी मासे परत घेतात. घेण्याआधीच तसं विचारून ठेवा.